रेंजच्या टेकडीआधी

माझ्या दुकानात आलेल्या माणसाला "फाईल कुठे ठेवली होती?" असं विचारलं की तो बोट वर करतो. अगदी छताकडे. मागे एका निवृत्त मास्तरांनी तर चष्मा सावरून वर पाहिलंसुद्धा, जणू पंख्यालाच त्यांची फाईल लटकवलेली होती. क्लाउड या शब्दाने आमच्या भागात हा घोळ घालून ठेवला आहे. ढगात आहे म्हणजे देवाच्या हवाली आहे, आता काळजी मिटली, असा लोकांचा समज. मी सांगते, अहो, वर काही नाही, दूर कुठल्यातरी गावात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आहे ते. मग त्यांचा चेहरा उतरतो आणि मलाच वाईट वाटतं.

सावली गावच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टायपिंगचे वर्ग होते, मग लग्नपत्रिका आल्या, मग लोक बिघडलेली यंत्रं आणून टेबलावर ठेवायला लागले आणि मीही स्क्रू काढायला लागले. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "भाऊ कुठी आहेत?" भाऊ शेतात आहेत आणि त्यांना माऊस धरता येत नाही, असं उत्तर मी तयारच ठेवलं होतं. घुग्घुसकडून आलेलं यंत्र उघडलं की आतून कोळशाची इतकी पूड निघते की दिवसभर माझं नाक काळं. सावलीतल्या यंत्रांत भाताचा कोंडा आणि उंदरांची पिल्लं. या सगळ्याची सवय होते. सवय होत नाही ती एकाच गोष्टीची. माणूस समोर बसून विचारतो, "परत येईल ना, बाई?" आणि मला अजून काहीच माहीत नसतं.

पुढची हकीकत कळायला दोन शब्दांतला फरक सांगायला हवा. मोहर्लीचा एक सफारी गाईड आला होता. वाघाचे खूप फोटो काढलेले, फोन भरला म्हणून त्याने फोनमधले उडवले, क्लाउडवर आहेतच या भरवशावर. तिथूनही गेले. माझ्यावरच चिडला. मी त्याला म्हटलं, बाबा, सिंक म्हणजे आरसा. इकडे कपाळावरचं कुंकू पुसलं की आरशातलंही पुसलं जातं, आरसा ते सांभाळून ठेवत नाही. बॅकअप वेगळा. बॅकअप म्हणजे पुढच्या हंगामासाठी वेगळं काढलेलं बियाण्याचं धान, घरात कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावायचा नाही. गाईडला पटलं की नाही कोण जाणे. पण आरसा आणि बियाणं यांत लोक गल्लत करतात, आणि माझ्याकडे येणारं निम्मं दुःख तिथूनच येतं.

देवरावभाऊही तिथूनच आले. धानोऱ्याकडचे हे गृहस्थ, साठी ओलांडलेले. स्वतःची धानाची शेती सांभाळून आजूबाजूच्या जंगलातल्या गावांची कागदपत्रं, अर्ज, दावे यांची कामं करतात. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी शटर वर करत होते तेवढ्यात त्यांची मोटरसायकल येऊन थांबली. मागे चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेला कॉम्प्युटर, पिशवीत बॅकअपची हार्ड डिस्क. गडचिरोलीत दोन दुकानांनी हात टेकले म्हणून पूल ओलांडून माझ्याकडे.

"बाई, सगळं वर आहे," ते म्हणाले. "फक्त खाली उतरवून द्या."

काय आहे ते त्यांनी चहा घेताघेता सांगितलं. जंगलातल्या एका लहान गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. म्हणजे हे जंगल पिढ्यानपिढ्या आमच्या वापरात आहे, आमचे देव, आमची मयतं, आमचा बांबू, आमचा मोहा इथेच आहे, असं गावाने पुराव्यानिशी सांगायचं. त्यात गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाचं सांगणं हा मोठा पुरावा. त्या गावचे झुरूबाबा पूर्ण हद्द पायी फिरले होते, प्रत्येक खुणेवर हात ठेवून गोंडीत बोलले होते, आणि त्यांची नात सुनंदा हिने ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. पावसाळ्यात झुरूबाबा वारले. सुनावणी परवावर आली होती.

"मग ते व्हिडिओ आहेत कुठे?"

देवरावभाऊंनी बोट वर केलं, पण अर्ध्यावरच थांबवलं.

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी सुनावणीची तयारी म्हणून ते कॉम्प्युटर साफ करायला बसले. "जागा नाई, जागा नाई म्हणून राह्यला होता, तर म्या इथलं फोल्डर काढून टाकलं. वर होतंच ना. मग वरूनबी मेसेज आला, जागा भरली म्हणून. तिथली कचरापेटी रिकामी केली. मग या डिस्कवरून परत आणाले गेलो, तर नावं बराबर येऊन राह्यले, पण एकबी व्हिडिओ चालून नाई राह्यला."

मी डिस्क लावली. नावं खरंच होती, नीट, ओळीने. आत काहीच नव्हतं. त्यांच्या सिंकच्या प्रोग्रामने कॉम्प्युटरवरची जागा वाचवायला असं केलं होतं की फाईलचं नाव इथे आणि ऐवज तिकडे. उघडायला गेलं की तो तिकडून आणून द्यायचा. बॅकअप घेणाऱ्या डिस्कने इमानेइतबारे तेवढी नावं उचलली होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या नेल्या, डाळ-तांदूळ तिथेच राहिले, आणि नंतर ते कुणीतरी ओतून टाकले. मला राग आला. देवरावभाऊंचा नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा. त्यांच्या घरी चोवीस तास नेट असतं, नाव आणि वस्तू यांत त्यांना फरकच वाटत नसावा.

"सुनंदाच्या मोबाईलमध्ये?"

"केव्हाच काढले. एवढ्याशा फोनात जागा कुठी असते, बाई?"

मी त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क खरवडून पाहिली. मिटलेलं काही वेळा उकरून काढता येतं, पण यांची डिस्क नव्या जातीची होती, ती मिटलेलं लगेच धुऊन टाकते. देवरावभाऊ समोर बसले होते. नुसते माझ्या हाताकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी दुकानात येरझारा घालायला लागले. माझा स्वभावच तसा, खुर्ची मला चावते. आणि येरझारा घालताना तोंडातून एक साधा प्रश्न निघाला, "हे फोल्डर आणखी कुणाच्या यंत्रावर उघडत होतं?"

"सुनंदाच्या लॅपटॉपवर होतं. पण तिच्या गावी नेटच नाई ना, बाई. तिथी काय असन?"

मी जागच्या जागी थांबले. "नेट नाही म्हणजे तिच्या लॅपटॉपवर नुसती नावं ठेवून चालत असेल का? उघडणार कसं?"

"तिले तुमीच तर सांगतलं होतं, मागं प्रशिक्षणात. कायम इथंच ठेव, यावर टिक कर म्हणून."

हे मी विसरले होते. शंभरदा सांगते सगळ्यांना, कुणी करत नाही. या मुलीने केलं होतं. म्हणजे झुरूबाबा अजून होते, पूर्णच्या पूर्ण, जंगलातल्या एका घरात, बंद लॅपटॉपमध्ये. पुसून टाक हा हुकूम वरून निघाला होता, पण तिच्या गावाला रेंज नसल्यामुळे तो तिथवर पोचला नव्हता. आणि लगेच पुढचा विचार आला.

"ती रेंजमध्ये कधी येते?"

देवरावभाऊंचा कप खाली आला. "बाजाराच्या दिवशी. टेकडीवर बसते, लॅपटॉप उघडते, मेल-गिल टाकते, मंग बाजाराले जाते." ते उभे राहिले. "बाई, आज बाजार आहे."

फोन लावला. आवाक्याबाहेर. लागणारच नव्हता. ज्या गावाला फोन लागत नाही म्हणून वस्तू वाचली होती, त्याच गावाला तो लागत नाही म्हणून 'उघडू नकोस' एवढे दोन शब्दही सांगता येत नव्हते. आणि फोन लागेल तेव्हा ती टेकडीवर असेल.

शटर खाली ओढलं, रिकामी डिस्क पर्समध्ये टाकली आणि देवरावभाऊंच्या मागे बसले. वैनगंगेचा पूल, गडचिरोलीचा चौक, धानोऱ्याचा रस्ता. दोन्ही अंगाला धानाची कापणी झालेली, भाऱ्यांची पुंजणी रचलेली, कुठे मळणीचं यंत्र भुसा उडवत होतं. मला काही दिसत नव्हतं. दर थोड्या वेळाने मी फोन लावून पाहायची आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकलं की बरं वाटायचं. आयुष्यभर ज्या वाक्याला शिव्या दिल्या ते वाक्य मी देवाच्या आरतीसारखं ऐकत होते. एका वळणानंतर ते वाक्य आलं नाही. रिंग वाजली.

"वाजतोय," मी म्हणाले.

देवरावभाऊंनी गाडी पिळली. सुनंदा उचलत नव्हती.

रेंजची टेकडी म्हणजे रस्त्याचा एक चढ, त्यावर मोठमोठे दगड आणि एक मोहाचं झाड. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांचे लोक तिथे थांबतात, कारण त्या झाडाच्या बेचक्यात फोन ठेवला की पलीकडचा टॉवर धरतो. फोन बेचक्यात, माणसं दगडांवर, आणि आठवडाभराचे मेसेज एकदम वाजायला लागतात. आम्ही पोचलो तेव्हा बेचक्यात पाचसहा फोन एकावर एक होते. खालच्या दगडावर सुनंदा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली, बेचक्यातल्या आपल्या फोनवरून नेट घेत. उघडा.

गाडी थांबायच्या आधी मी उतरले. कुठला फोन तिचा हे विचारत बसण्याइतका धीर माझ्यात नव्हता, मी बेचक्यातले सगळेच काढून पदरात घेतले. एक म्हातारे चिडले, "ओ बाई, जावई बोलून राह्यला होता ना माहा." मी फोन त्यांच्या हातात कोंबला आणि सुनंदाच्या हाताखालून लॅपटॉप ओढून वाय-फाय बंद केलं. मग पाहिलं.

तो लॅपटॉप जुना आणि इतका मंद होता की चालू झाल्यापासून अजून धापा टाकत होता. सिंकचं चक्र फिरायला लागलं होतं. बैठकांचे फोटो असलेलं एक फोल्डर गेलं होतं. झुरूबाबांचं अजून जागेवर होतं. मंद यंत्राची मी कायम चेष्टा करते, त्या दिवशी त्याला हात जोडावेसे वाटले.

सुनंदा तोवर उभी राहिली होती. तिशीची, बारीक चणीची, शांत. "ताई, काय झालं? फोन वाजून राह्यला होता, पण तो वर, मी खाली. मेल गेला की उचलीन म्हटलं." देवरावभाऊंनी तिला सगळं सांगितलं. "तुह्या आजाले पुसून टाकलं होतं ना मी, पोरी." तिने लॅपटॉप घेतला, बंद केला, ओढणीत गुंडाळला आणि बाजाराकडे पाठ करून गावाची वाट धरली. आम्ही तिच्या मागे.

गाव लहान. सौर दिव्याच्या बॅटरीवर लॅपटॉप लावला आणि माझ्या डिस्कवर प्रत घ्यायला सुरुवात केली. प्रत झाली की माझं काम संपत नाही. उघडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं मी म्हणत नाही, लोक कितीही कंटाळोत. म्हणून अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवून मी प्रतीतले व्हिडिओ ओळीने लावले. काटकुळा म्हातारा, हातात काठी, सागाच्या झाडावर हात ठेवून बोलतोय. मला गोंडी येत नाही. सुनंदा मधूनमधून सांगत होती, इथे देव, इथून बांबू, इथे पूर्वीचं गाव होतं.

आवाज ऐकून घरातून झुरूबाबांची बायको बाहेर आली, सुनंदाच्या आईची आई. सुनंदा आजोबांना आको आणि तिला काको म्हणते, आम्हीही तिला काकोच म्हणायला लागलो. ती दाराच्या लाकडाला धरून उभी राहिली. नवरा जाऊन चार-सहा महिनेच झालेले. मला वाटलं रडेल, बंद करावं का. ती रडली नाही. पुढे येऊन बसली आणि प्रत्येक खुणेला मान हलवायला लागली. व्हिडिओत ती स्वतःही होती, कडेला, पाण्याचा भोपळा घेऊन.

शेवटच्या भागात झुरूबाबा एका उताराच्या वर बसलेले. हात पुढे करून म्हणाले, इथवर आमचं. व्हिडिओ संपला. काकोने जोरात काहीतरी म्हटलं.

सुनंदाचा चेहरा बदलला. "काको म्हणून राह्यली, हे अर्धंच आहे. खाली नाला आहे, नाल्याच्या पलीकडं दगड आहेत. त्याच्या बापाच्या नावाचा दगड तिथी आहे. आको वरच बसला, खाली उतरलाच नाई."

त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. दगड तिथे म्हणजे गावही तिथवर. झुरूबाबांच्या शब्दावर दावा लावला तर नाल्यापलीकडचा दगड आणि त्यामागचा सगळा बांबू हद्दीबाहेर राहणार होता. आणि झुरूबाबांना आता परत विचारता येणार नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं?" मी सुनंदाला विचारलं.

"दगड माहीत आहेत, ताई. कोणाचा कोणता, ते नाई. आको म्हणला इथवर, मले वाटलं हद्द तेवढीच."

काको पुन्हा बोलली, या वेळी माझ्याकडे बघून, बोट लॅपटॉपवर ठेवून. सुनंदाने सांगायला वेळ लावला. "म्हणते, हे पुसून टाका. लोकं पाहतील तर म्हणतील, झुरू बापाचा दगड विसरला. मेलेल्या माणसाले असं दाखवू नका."

पुसलं जाऊ नये म्हणून ऊर फुटेस्तोवर धावत आले, आणि त्याच्यावर पहिला हक्क जिचा ती मलाच म्हणत होती पूस. तिचं चूक होतं असंही मला वाटेना. माझ्या नवऱ्याबद्दल असतं तर मीही हेच म्हटलं असतं. देवरावभाऊ हळूच म्हणाले, "तेवढा शेवटचा तुकडा कापला तर?" मी नाही म्हटलं. कापलेला पुरावा समोरच्याच्या हातात कोलीत देतो, मग आधीच्या सगळ्या खुणांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याने ते करवलंच नसतं. सुनंदाने हे सगळं आजीला सांगितलं. काकोने ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. जेवायलाही आमच्यात बसली नाही. मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

त्या दिवशी परतायला उशीर झाला होता, आम्ही तिथेच राहिलो. सकाळी मी अंगणात फेऱ्या मारत होते तेव्हा काको बाहेर आली. लुगडं खोचलेलं, हातात काठी, कमरेला विळा. सुनंदाला एवढंच म्हणाली, फोन घे.

दाव्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. सुनावणीत झुरूबाबांचे आणि काकोचा, सगळे व्हिडिओ दाखवले, एकापाठोपाठ एक, काहीही न कापता. नंतर पाहणीला माणसं आली, नाला उतरून पलीकडे गेली, आणि बांबूसकट ते जंगल गावाच्या हद्दीत धरलं गेलं. देवरावभाऊंनी आता तीन वेगवेगळ्या डिस्क घेतल्या आहेत आणि दर महिन्याला त्या उघडून बघायला मला बोलावतात, नको तेवढं.

पण मी हे लिहायला बसले ते त्या सकाळसाठी. उतार चांगलाच होता. काको बसत, घसरत, विळ्याने वेली तोडत उतरली, कुणाचा हात धरू दिला नाही. नाल्यात पाणी घोट्याएवढं. पलीकडे साजाच्या झाडांत चार-पाच उभे दगड, शेवाळलेले. त्यांतल्या एका बुटक्या दगडापाशी ती थांबली, त्याच्यावरचा पाला झाडला आणि हात ठेवला. सुनंदाने फोन धरला. काको थोडंच बोलली. तेव्हा मला एक अक्षर कळलं नाही, अर्थ नंतर सुनंदाने सांगितला.

"हा माह्या सासऱ्याचा दगड. झुरूच्या बापाचा. तो विसरला नाई. त्या दिवशी त्याचे पाय सुजले होते. वरूनच त्यानं इकडं हात जोडले, मी पाहिलं. मले म्हणला, आज नाई उतरत, उद्या येऊन बापाले भेटू. मंग पाऊस लागला. मंग तो गेला. उद्या म्हणला होता, म्हणून मी आली."

सुनंदाचा हात हलत होता, त्यामुळे त्या व्हिडिओत दगड थोडा हलताना दिसतो. सुनावणीत तो तसाच दाखवला.